भेग उल्केची की करवतीची?
प्रयोगशाळेतली अवजारे : लेखांक 9

मागच्या आठवड्यात आपण खडकाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. एवढा पातळ झाला की काळाकभिन्न बेसॉल्टसुद्धा उजेड आरपार जाऊ देतो. पण धोंड्यातून पहिली चकती काढायची कशी, हे तेव्हा राहून गेलं.

पूर्वी किराणा दुकानात कपडे धुण्याच्या साबणाची लांब कांडी तारेनं कापून देत. तीच तार दगडाला लावली तर तुटेल ती तारच. प्रयोगशाळेतल्या तारकरवतीच्या तारेवर हिऱ्याचे बारीक कण रोवलेले असतात, पुष्कळदा निकेलच्या मुलाम्यात. तारेची जाडी साधारण पाव मिलिमीटर. खरं काम करतात ते हे कण. तार त्यांना फक्त ओढून नेते. आणि तेही साबणासारखं कापत नाहीत, सहाणेवर चंदन झिजावं तसा दगड झिजवत जातात.

तार कप्प्यांवरून ताणून धावते, संपत आली की उलटी फिरते. नमुना हलक्याशा भारानं तिच्यावर टेकवलेला असतो. पाण्याची बारीक धार भुकटी वाहून नेते आणि उष्णताही घालवते. काम रेंगाळलं की भार वाढवायचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण जास्त दाबलं की तार वाकते, भरकटते आणि काप सपाट येत नाही.

मग एवढा धीर धरायचा कशाला? जाड गोल पातं हेच काम झटपट उरकेल की! उरकेल, पण जाता जाता दगडाच्या अंगात बारीक भेगा पाडून जाईल. लोणारचं उदाहरण घ्या. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर बेसॉल्टमध्ये आहे. उल्केच्या आघाताच्या दाबानं तिथल्या काही फेल्डस्पारची काच झाली. अभ्यासक अशाच खुणा आणि भेगा शोधत असतात. अशा वेळी समोरची भेग उल्केची की आपल्याच करवतीची, असा संशय राहिला तर पुरावा हातचा गेला.

दुसरा फायदा हिशेबाचा. 10 मिलिमीटर लांबीच्या स्फटिकातून 1 मिलिमीटर जाडीच्या चकत्या हव्या आहेत. पात्यानं दर कापाला 1 मिलिमीटर खाल्ला, तर 5 चकत्या मिळतात. तारेनं पाव मिलिमीटर खाल्ला, तर 8. महिनोन्‌महिने वाढवलेल्या स्फटिकाचा निम्मा भाग भुकटीत घालवणं कुणाला परवडेल?

पाण्यात विरघळणाऱ्या स्फटिकांना तर हिराही लागत नाही. तुरटीसारखा स्फटिक ओल्या दोऱ्यानं कापता येतो. दोरा सतत ओला ठेवून फिरवत राहायचा. तो टेकतो तिथला थर विरघळत जातो. दाब नाममात्र, त्यामुळे ओरखडा नाही की भेग नाही.

हिऱ्याची तार मात्र अगदीच निर्दोष नाही. उलटी फिरताना ती कापावर बारीक रेघा सोडते, आणि रेघांखाली थोडा दुखावलेला थर उरतो. तो घासून काढल्याशिवाय नमुना सूक्ष्मदर्शकाखाली नेता येत नाही. किती घासायचं आणि कुठे थांबायचं, ते पुढच्या लेखांकात.