आठ बाय आठची चौकट

मॅनिक मायनर या खेळाला रंग आहेत, हे मी पन्नाशी ओलांडल्यावर पाहिले. रंग असणार हे माहीत होतेच. पण १९८८-८९ च्या सुमारास सात रस्त्याजवळच्या आमच्या घरात जो टीव्ही होता तो ब्लॅक अँड व्हाइट, आणि मामांनी पुण्याहून आणलेला संगणक त्यालाच जोडलेला. त्यामुळे खाणीत उड्या मारणारा तो टोपीवाला खाणकामगार, कोसळणारी जमीन, विषारी झुडपे हे सगळे आमच्यासाठी राखाडीच्या निरनिराळ्या छटांचे होते. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपवर तोच खेळ नक्कल-प्रणालीत, म्हणजे एम्युलेटरमध्ये, चालवून पाहिला तेव्हा पहिली पाच मिनिटे मी खेळलोच नाही. नुसता पाहत राहिलो.

तो संगणक म्हणजे स्पेक्ट्रम प्लस. मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. रबरी बटणांचा, हातात मावेल असा. १९८४ मध्ये त्याची टणक बटणांची 'प्लस' आवृत्ती आली आणि दशकाच्या उत्तरार्धात तीच परवाना घेऊन पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने भारतात विकली. त्या आधी, १९८४ मध्ये, सरकारी 'क्लास' योजनेतून काही निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले होते. पण ते शाळेचे, कुलपातले. घरी, जेवणाच्या टेबलावर ठेवता येईल असा संगणक आमच्या पिढीतल्या अनेकांना प्रथम दिसला तो हा. ४८ किलोबाइटची स्मृती, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, आणि डिस्कऐवजी घरातला टू-इन-वन टेपरेकॉर्डर.

रंगांकडे परत येतो, कारण त्यात या यंत्राचा सगळा स्वभाव दिसतो. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. ठिपक्यांसाठी ६१४४ बाइट खर्ची पडत. प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायचा तर उरलेल्या स्मृतीचा मोठा भाग त्यातच गेला असता. म्हणून पडद्याचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले, ३२ आडवे आणि २४ उभे, एकूण ७६८. आणि प्रत्येक चौकोनाला एकच बाइट दिला, ज्यात फक्त दोन रंग बसतात, शाईचा आणि कागदाचा. एका चौकोनात तिसरा रंग येऊच शकत नाही. हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस गेला की एक तर झाड पिवळे होते किंवा माणूस हिरवा.

ही अडचण खेळ लिहिणाऱ्यांनी कशी पचवली, हे पाहणे मला आज प्रत्यक्ष खेळण्यापेक्षाही रंजक वाटते. १९८४ च्या नाइट लोअरने खोलीच्या खोली एकाच रंगात काढली आणि त्या बदल्यात त्रिमितीचा आभास मिळवला. मॅथ्यू स्मिथने १९८३ च्या मॅनिक मायनरमध्ये उलटी युक्ती केली. त्याच्या २० गुहांपैकी प्रत्येकीला १०२४ बाइट दिलेले आहेत आणि त्यातले पहिले ५१२ हे नुसते रंगांचे बाइट आहेत. कोणत्या चौकोनात भिंत, कोणत्यात जमीन, कोणत्यात काटे, हे वेगळे कुठेही लिहिलेले नाही. रंगाचा आकडा पाहूनच प्रोग्राम ठरवतो की ही जमीन पायाखाली टिकणारी आहे की ढासळणारी. म्हणजे आमच्या टीव्हीवर जो रंग दिसतच नव्हता, त्याच्याच आधाराने खेळ चालत होता.

पण सिंक्लेअरच्या अभियंत्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केला होता. स्पेक्ट्रमचे रंग ० ते ७ असे आहेत : काळा, निळा, तांबडा, जांभळट, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. हा क्रम इंद्रधनुष्याचा नाही, उजळपणाचा आहे. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायरीपायरीने चढत जातो. म्हणून आम्हाला खेळ राखाडीत दिसला तरी समजत होता.

हे चौकोनांचे प्रकरण सोलापुरात समजावून सांगणे सोपे जाते. जकार्डच्या मागावर चादर विणताना आधी नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, त्याला कारखान्यात 'ग्राफ' म्हणतात. ग्राफच्या एका आडव्या ओळीसाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड. भरलेल्या चौकोनाला छिद्र, मोकळ्याला नाही. छिद्र असेल तिथे सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचा धागा उचलला जातो आणि खालून बाणा जातो. मग पुढचे कार्ड. जोझेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ही रचना सिद्ध केली, आणि बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रांची कार्डे तिथूनच उचलली, हे संगणकाच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्या पुस्तकांत नसते ते एवढेच की, आमच्या पूर्व भागात ही कार्डे दोऱ्याने ओवून मागावर लटकलेली मुलांनी रोज पाहिली होती. शिवाय सोलापुरी चादर उलटी केली की नक्षीचा रंग जमिनीला आणि जमिनीचा नक्षीला जातो. शाई आणि कागद!

माझ्या एका वर्गमित्राचे वडील असे ग्राफ काढत. स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरचिन्हे स्वतः घडवण्याची सोय होती; प्रत्येक चिन्ह ८ ओळींचे, प्रत्येक ओळ म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. भरलेला ठिपका १, मोकळा ०. पुस्तिकेतले ते पान मला दोन दिवस उमगले नव्हते. मित्राने पाहिले आणि म्हणाला, "हे तर कार्डच आहे की." त्याच संध्याकाळी तो घरून ग्राफचा कागद घेऊन आला.

आम्ही दोघांनी मिळून एक खेळ लिहिला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. उंच काठी एकाने तोल सांभाळत उभी न्यायची. डावीकडे झुकली की उजवीकडे सरायचे. खेळात तेवढेच होते. बेसिक भाषेत लिहिल्यामुळे काठी इतकी सावकाश कलायची की पडणे हेच कौशल्याचे काम होते. तरी आम्हाला तो मॅनिक मायनरहून मोठा वाटे. लाईट गेली की सगळे पुसले जाई. म्हणून तो आम्ही एका कॅसेटवर तीनदा भरून ठेवला, दुसऱ्या बाजूला नाट्यसंगीत होते.

लिहावेसे वाटले ते या कॅसेटमुळे. इंग्लंडमधले जवळजवळ सगळे प्रकाशित खेळ आज जतन झालेले आहेत. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला आणि पुढे मूळ यंत्राची रॉम एम्युलेटरबरोबर मोफत वाटायला परवानगी दिली. मॅनिक मायनरचा तर एकेक बाइट उलगडून, टिपांसह मांडून ठेवलेला आहे. पण पुण्यात, सोलापुरात, कोल्हापुरात मुलांनी घरी जे लिहिले ते कोणत्याही संग्रहात जाण्याचे कारणच नव्हते. ते आहे ते माळ्यावरच्या कॅसेटांत, आणि आमच्याकडच्या हवेत टेपला बुरशी लागते, चुंबकीय थर सुटून हेडला चिकटतो, आतला नमद्याचा तुकडा गळून पडतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. चादरीच्या ग्राफवर काढलेल्या खेळाला कोण विचारतो?

सुदैवाने ही टेप वाचणे तत्त्वतः सोपे आहे. जे गाणे नसून नुसती कर्कश किरकिर वाटते त्यात दोनच स्वर आहेत. ० साठी सेकंदाला सुमारे २०४७ कंपनांची एक लहर, १ साठी त्याच्या निम्म्या वेगाची एक. आधी काही सेकंद एकसुरी शिट्टी, मग सतरा बाइटचे शीर्षक ज्यात दहा अक्षरांचे नाव, मग पुन्हा शिट्टी, मग मजकूर. टेप चांगल्या डेकवर वाजवून लॅपटॉपमध्ये ध्वनी म्हणून भरून घ्यायची. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर ० ची लहर साधारण २१-२२ नमुन्यांची आणि १ ची ४३ ची येते. आखूड आणि लांब वेगळे करणे प्रोग्रामला जड नाही. जड जाते ते यांत्रिक काम. मूळ टू-इन-वनचे हेड ज्या कोनात होते त्याच कोनात आजच्या डेकचे आणावे लागते. छोट्या पेचकसाने पाव पाव फेरा देत, आवाज सर्वांत तीक्ष्ण येईपर्यंत. आमच्या कॅसेटच्या पहिल्या दोन प्रती तरीही हाती आल्या नाहीत, तिथे थरच उडालेला होता. तिसरी वाचली गेली, पण शेवटी तोच जुना संदेश आला, जो लहानपणी पाच मिनिटे थांबल्यावर यायचा आणि रडू यायचे : टेप लोडिंग एरर.

हा संदेश येतो कसा? प्रत्येक मजकुराच्या शेवटी एक पडताळणीचा बाइट असतो. सगळे बाइट एकाखाली एक मांडा. प्रत्येक उभ्या रांगेतले १ मोजा. संख्या सम असेल तर खाली ०, विषम असेल तर १. वाचताना हा हिशेब जुळला नाही तर चूक आहे. आमच्या बाबतीत फरक आला ४, म्हणजे उजवीकडून तिसऱ्या उभ्या रांगेत एक ठिपका उलटा पडला होता. विणकराच्या भाषेत, ताण्याचा कोणता धागा चुकला ते कळले, पण बाण्याची कोणती फेरी ते नाही. आणि फेऱ्या होत्या दोन हजारांवर.

इथे स्पेक्ट्रमची एक उधळी वाटणारी सवय उपयोगी पडली. त्याच्या बेसिकमध्ये प्रत्येक संख्या दोनदा साठवली जाते : एकदा आपल्याला दिसणारे आकडे म्हणून, आणि लगेच त्यांच्या मागे, न दिसणाऱ्या पाच बाइटमध्ये, यंत्राला वापरता यावी अशी. एवढ्याशा स्मृतीच्या यंत्राला हा कारभार शोभत नाही, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो. आता प्रत्येक संख्येची दोन रूपे ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम लिहिला. एका जागी दिसणारा आकडा ६४ होता आणि मागे दडलेला २४. अक्षर म्हणून ६ आणि २ यांच्या बाइटमध्ये नेमका ४ चाच फरक आहे.

ती जागा काठीच्या चिन्हातली होती. २४ म्हणजे मधले दोन ठिपके भरलेले, आठही ओळींत तेच. उभी सरळ काठी. ६४ म्हणजे डावीकडे निसटलेला एकटा ठिपका.

मित्राला बोलावले. त्याचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली. आधी मी हिशेब न दुरुस्त करता, पडताळणी वगळून, प्रोग्राम चालवून दाखवला. यादीत ६४ दिसत होते, पण यंत्र वापरते ते दडलेले रूप. त्यामुळे पडद्यावरची काठी अखंड उभी राहिली. त्याने चष्मा वर करून यादी पाहिली, मग पडदा पाहिला. "ग्राफ चुकलाय," तो म्हणाला, "पण कार्ड बरोबर पडलंय की."

मी तीन फायली ठेवल्या आहेत : टेपचा जसाच्या तसा आवाज, ६४ असलेली प्रत, आणि २४ केलेली. कॅसेटच्या शेवटी आणखी एक प्रोग्राम आहे. त्याच्या शीर्षकाची शिट्टी तुटलेली आहे आणि नाव वाचता येत नाही; मित्र म्हणतो तो त्याचा नाही, मला वाटते माझा नाही. हेडचा कोन अजून अर्धा फेरा फिरवून पाहायचा आहे.