शेजाऱ्याशी बोलणी आणि घरचे टीकाकार

उंबरखिंड आपल्या खालापूर तालुक्यातलीच. २ फेब्रुवारी १६६१ रोजी त्या खिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली व खान शरण आला. महाराजांनी त्याचे सामानसुमान व खंडणी घेतली आणि वाट मोकळी करून दिली. पुढे चारच वर्षांनी, १६६५ साली, त्याच महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह करून २३ किल्ले दिले. दोन्ही वेळा शत्रू मोगलच. हात वर असतानाही बोलणी, हात खाली असतानाही बोलणी. शत्रूशी बोलतो तो भित्रा, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा चावणीपर्यंत जाऊन यावे.

मात्र राजाला मते मागावी लागत नव्हती. लोकशाहीतल्या पंतप्रधानाला एक वाटाघाट सीमेपलीकडे करावी लागते आणि दुसरी घरात. आम्हा कामगार संघटनेच्या माणसांना यात नवल नाही. संप चालू असताना आमच्यातला कोणी मालकाच्या कचेरीची पायरी चढला की गेटावर कुजबूज सुरू होते : ‘पुढारी फुटला!’ आत तीन तास घालवले तर बाहेर सहा तास समजूत घालावी लागते.

अटलबिहारी वाजपेयी २० फेब्रुवारी १९९९ रोजी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले, तेव्हा त्यांचीही गत हीच होती. शिवसेना त्यांच्या सरकारात भागीदार होती; पण पाकिस्तानशी क्रिकेटही नको म्हणून शिवसैनिकांनी १९९१ साली वानखेडेची आणि १९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली होती. पलीकडे लाहोरात जमाते इस्लामीचे लोक वाजपेयींच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते. दोन्हीकडच्या विरोधकांचे एवढ्यापुरते एकमत होते! वाजपेयी तरीही मिनार-ए-पाकिस्तानला गेले आणि २१ तारखेला लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या.

त्यानंतर मे महिन्यात कारगिल उघडकीस आले. पाचशेहून अधिक जवान गेले. टीकाकार म्हणाले, आम्ही सांगत होतोच. त्यांची ही टीका झटकून टाकण्याजोगी नाही. नवाझ शरीफांनी सही केली खरी, पण लष्कर त्यांच्या मुठीत होते काय? हा प्रश्न रास्त होता. मालक करारावर सही करतो आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर टाळे लावतो, हे आम्ही पाहिले आहे. पण त्यावरून आम्ही एवढेच शिकलो, की किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते आधी पाहावे. करारच करू नये, असे काही आम्ही शिकलो नाही.

वाजपेयीही तेच शिकले असावेत. २००३ च्या नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली. ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादच्या संयुक्त निवेदनात, आपल्या ताब्यातील भूमी दहशतवादासाठी वापरू देणार नाही, असे मुशर्रफांनी लेखी दिले. हे वचन पुढे पाळले गेले नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत काय झाले ते रोज लोकलने व्हीटी गाठणाऱ्या कर्जतकराला आम्ही काय सांगावे? पण लेखी वचन हाती असले की जगापुढे जाब तरी विचारता येतो.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ, ॲडमिरल रामदास राहत. १९७१ च्या युद्धात त्यांनी ‘ब्यास’ या युद्धनौकेचे नेतृत्व केले, वीरचक्र मिळवले आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. निवृत्तीनंतर दोन्ही देशांतील लोकांच्या मैत्रीसाठी ते झटले. त्याबद्दल २००४ साली पाकिस्तानच्या आय. ए. रेहमान यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ साली ते वारले. त्यांना भित्रा म्हणणे टीकाकारांना जरा जडच जाई.

आमच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र फार लहान आहे. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट पकडली जाते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात पडतो. घरची कमाई त्याच दिवशी थांबते. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला व १ जुलैला दोन्ही सरकारे एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नाव आले, की आपल्या वकिलातीला त्याची भेट मागता येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचे हत्याकांड झाले, सिंधू पाणी करार स्थगित झाला, मे महिन्यात तोफा व क्षेपणास्त्रे सुटली. तरीही १ जुलैला याद्या आल्या. पाकिस्तानने दिलेल्या यादीत १९३ मच्छीमार होते.