घोडा, वाघ आणि माणसाचा स्वभाव

परकी भाषा शिकू लागले की आपण माणसे कशी तोलतो ते कळते. निवृत्तीनंतर परभणीत घरी बसून मी चिनी शिकू लागलो आणि स्वभाव सांगणाऱ्या विशेषणांपाशी रमलो. ‘या वयात चिनी कशाला?’ असे मित्र विचारतात. त्यांना मी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे नाव सांगतो. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, ती भाषा बोलायला-लिहायला शिकले, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. जखमी सैनिकाला धीर द्यायचा तर नुसती औषधांची नावे पुरत नाहीत.

चिनी विशेषणे मोठी गमतीची. हलगर्जी माणूस ‘माहु’. लिहिताना अक्षरे येतात घोडा आणि वाघ! भित्रा तो ‘दान्श्याव’, म्हणजे ज्याचे पित्ताशय लहान. आपण धैर्य छातीत शोधतो, ते पित्ताशयात. दुसऱ्यासाठी धावणारा ‘रशिन’, उष्ण हृदयाचा. मग ‘श्यावशिन’, लहान हृदयाचा, म्हणजे कोत्या मनाचा असणार, असे मराठी माणसाला वाटेल. पण त्याचा अर्थ सावध, जपून वागणारा!

व्याकरण मात्र सोपे. आपल्या भोळा, भोळी, भोळेसारखी रूपे तिथे बदलत नाहीत. ‘ता हन लाव्श’ म्हणजे ‘तो फार सरळ’. यात ‘आहे’ लागत नाही. आपणही ‘पोरगा फार गुणी’ म्हणतो, तसेच. ‘लाव्श’चा मुख्य अर्थ प्रामाणिक. पण खोडी न काढणारे मूलही ‘लाव्श’ आणि सहज फसणारा साधाभोळाही ‘लाव्श’. आपण ‘गरीब स्वभावाचा’ म्हणतो, त्यातही कौतुक आणि कीव दोन्ही असतात. कोणता अर्थ घ्यायचा, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरते.

कागदाला सूर नसतो. बँकेत कर्जाच्या अर्जावर अर्जदाराविषयी अभिप्राय लिहावा लागे. ‘व्यवहाराला चोख’ किंवा ‘बेभरवशाचा’, एवढ्यावर सेलू-मानवतकडच्या एखाद्या कापूसवाल्या शेतकऱ्याचे अख्खे वर्ष अवलंबून असे. पाऊस दडी मारी, हप्ता थके आणि कागदावर दोष मात्र स्वभावाच्या खात्यात पडे. थकबाकी ही परिस्थिती झाली. तिचे विशेषण करून ते माणसाला चिकटवले की पुढच्या हंगामातही ते निघत नाही.

घरोघरी हेच चालते. एक पोर ‘आळशी’ ठरते, एक सून ‘तुटक’. तोच मुलगा क्रिकेटसाठी पहाटे पाचला उठतो आणि तीच सून शेजारणीच्या दुखण्यात रात्रभर जागते, हे त्या शब्दांत कुठेच मावत नाही. चिनी मला फारशी येईल असे नाही. पण कुणाला विशेषण लावताना हल्ली मी याच माणसासाठी दुसरा एखादा शब्द आठवून पाहतो. बहुतेक वेळा तो सापडतो.