मध्यावर की मध्यवर्ती?

‘भारताचा मध्य कोठे आहे?’ असा प्रश्न नागपूरच्या कोणत्याही शाळेत विचारून पाहावा. बहुतेक वर्ग एका सुरात उत्तर देईल, ‘झिरो माइल!’ विधानभवनाजवळचा तो दगडी स्तंभ आणि त्याच्या शेजारचे चार घोडे मुलांनी येता-जाता पाहिलेले असतात. शिक्षकही बहुधा ‘शाबास’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खरे तर भूगोलाचा तास येथूनच सुरू व्हायला हवा.

मुलांना उत्तर पडताळायला सांगावे. भारताच्या मुख्य भूमीचा विस्तार पाठ्यपुस्तकात दिलेलाच असतो: 8°4' ते 37°6' उत्तर अक्षांश आणि 68°7' ते 97°25' पूर्व रेखांश. दोन्हींचे मध्य काढले तर 22°35' उत्तर व 82°46' पूर्व असा बिंदू मिळतो. नकाशात तो छत्तीसगडमध्ये, कोरबा शहराच्या थोडा उत्तरेला पडतो. नागपूर आहे सुमारे 21°9' उत्तर, 79°5' पूर्व येथे, म्हणजे या बिंदूपासून तब्बल 400 किलोमीटर दूर! आता दुसरी रीत. जाड पुठ्ठ्यावर भारताचा नकाशा चिकटवून कापावा आणि तो पेन्सिलीच्या टोकावर तोलून पाहावा. तोल साधतो तो बिंदू निराळाच निघेल. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातील करौंदी या गावीही देशाचा मध्य म्हणून स्मारक उभारलेले आहेच. ‘मध्य’ म्हणजे नेमके काय हे ठरविल्याशिवाय तो सापडत नाही, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

मग झिरो माइलचा दगड काय सांगतो? तो मुलांनी जवळ जाऊन वाचावा. त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवणी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. मुंबई-दिल्लीचा तेथे पत्ता नाही. शेजारीच 1907 सालची सर्वेक्षण खात्याची उंचीची खूण आहे. समुद्रसपाटीपासून ही जागा 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर उंच आहे. भोवतालच्या मुलखात उंची मोजताना आधार घेण्यासाठी ती खूण होती. देशाच्या मध्याची गोष्ट लोकांनी सांगितली, दगडाने नव्हे.

पण म्हणून लोक चुकले म्हणावे काय? येथे दोऱ्याचा प्रयोग करावा. अॅटलासवर नागपूरपासून चार महानगरांपर्यंत दोरा ताणून प्रमाणपट्टीवर मोजला की मुंबई सुमारे 700, दिल्ली 850, चेन्नई 905 आणि कोलकाता 970 किलोमीटर निघते. अंतरे सारखी नाहीत, परंतु चारही हजाराच्या आत. या सोयीचा फायदा टपाल खात्याने घेतला. 1949 मध्ये रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. या चारही शहरांतून संध्याकाळी टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. मुंबईहून 1867 मध्ये येथवर आलेली रेल्वे पुढे हावड्यापर्यंत गेली, तिला दिल्ली-चेन्नई मार्गही येथेच छेदतो. नागपूर मध्यावर नाही, पण मध्यवर्ती मात्र निश्चित आहे. पहिली गोष्ट अक्षांश-रेखांशांनी ठरते, दुसरी रस्ते, रूळ आणि माणसांच्या येण्याजाण्याने. ही सोय कमीजास्तही होते: विमानटपालाची ती मध्यरात्रीची गाठभेट पुढे बंद झाली, अक्षांश मात्र होता तेथेच आहे.

1984 साली अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञ व भूगोल-शिक्षकांच्या संस्थांनी शाळांसाठी या विषयाची पाच मूलसूत्रे मांडली: स्थान, स्थळाची वैशिष्ट्ये, माणूस व पर्यावरण यांचे नाते, दळणवळण आणि प्रदेश. त्यांतील स्थान आणि दळणवळण ही दोन या एका दगडाभोवती शिकवून झालीसुद्धा! (सूत्रांची नावे फळ्यावर आधी लिहू नयेत; लिहिली की मुले पाठ करतात.)

‘प्रदेश’ शिकवायला सीताबर्डीची टेकडी उत्तम. ती काळ्या बेसाल्टची आहे. दख्खनच्या लाव्हाची पूर्व कड नागपूरच्या आसपासच संपते. पश्चिमेला, वऱ्हाडाकडे, या खडकाची काळी जमीन आणि त्यात कापूस. पूर्वेला फार जुने ग्रॅनाइट व नाइस खडक, जास्त पाऊस, भंडारा-गोंदियाकडचे भात आणि ते पिकविण्यासाठी बांधलेले मालगुजारी तलाव. अर्थात ही सीमा जमिनीवर रेघ मारल्यासारखी दिसत नाही. कापूस नेमका कोठे संपतो, हे भंडाऱ्याच्या बसने जाणाऱ्या मुलाने खिडकीतून पाहून सांगावे. विदर्भ हा एक प्रदेश की दोन, यावर वर्गात चांगला वाद होतो. तो होऊ द्यावा.

राहिले पर्यावरणाशी नाते. ते शिकवायला नदी पुरेशी आहे. 1702 च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसविलेल्या या गावाला जिचे नाव मिळाले, ती नाग नदी अनेक मुलांना ‘नाला’ म्हणूनच ठाऊक असते. तिचे पाणी कन्हानमधून वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला मिळते, हे नकाशावर बोट फिरवून दाखवावे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या रात्री ज्यांच्या घरात पाणी आले, अशी मुले आपल्याच वर्गात असू शकतात. त्यांना आधी बोलू द्यावे. पाणी कोणत्या बाजूने आले, किती चढले, कोणत्या गल्लीत आलेच नाही, हे सारे फळ्यावर मांडत गेले की उंचसखल भागाचा नकाशा मुलेच तयार करतात. त्यात नदीचे जुने पात्र कोठे होते आणि आज तेथे काय उभे आहे, हे शोधायला आजी-आजोबांकडे पाठवावे.