रविवारी मास्तर गावाचे

मुळशीकरांना परदेशी शिक्षक नवा नाही. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे आणि १९९७ पासून तिथे देशोदेशीचे शिक्षक शिकवतात. पण ते राहतात वर, कॉलेजच्या आवारात. घोटावड्यात भाड्याच्या खोलीत एखादी आयरिश तरुणी राहते, गावच्या झेडपी शाळेत इंग्रजी शिकवते आणि मंडळाच्या बैठकीला तिलाही निरोप जातो, असं चित्र मात्र आपल्याकडे नाही. जपानच्या खेड्यापाड्यांत ते सरकारने ठरवून उभं केलं आहे.

त्या योजनेचं नाव ‘जेट’. १९८७ साली ती सुरू झाली. भारतासह अनेक देशांतले तरुण पदवीधर तिच्यातून जपानला जातात. त्यांतले दहापैकी नऊजण शाळेत सहायक भाषाशिक्षक होतात. बीएडची अट नाही, या कामासाठी जपानी यायलाच हवं असंही नाही. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढणारा. कुठे जायचं याची पसंती कळवता येते. ती मिळेलच याची हमी नाही. क्योटो मागितलेला माणूस डोंगरातल्या भातखाचरांच्या गावी पोचतो, तो असा.

गंमत म्हणजे यातले बरेचजण जुलैअखेर किंवा ऑगस्टात पोचतात आणि तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्टी असते. पाऊस उरकलेला, ऊन आणि दमट उकाडा जीव काढणारा. वर्गाच्या आधी गावाचीच ओळख होते, तीही सुट्टीच्या दिवशी.

दिवस लवकर सुरू होतो. साडेसहाला रेडिओवर पियानो वाजतो आणि त्या तालावर कवायत होते. ही रेडिओ कवायत १९२८ पासूनची. सुट्टीत अनेक गावांत पोरं गळ्यात कार्ड अडकवून मैदानात येतात आणि कवायत झाली की कार्डावर शिक्का मारून घेतात. एखाद्या रविवारी त्या वेळेला गवत कापणीही असते. भातलावणी मे महिन्याच्या सुमारास उरकलेली, त्यामुळे ऑगस्टात पीक उभं आणि बांधांवर, पाटाच्या कडेला गवत माजलेलं. घरटी एक माणूस यायचा. काही गावांत न येणाऱ्याकडून पैसे घेतात, म्हणजे श्रमदान असलं तरी हजेरी पक्की. नव्या मास्तरांच्या हाती सहसा मशीन देत नाहीत. दाताळ्याने गवत ओढायचं काम मिळतं. मग सावलीत भाजलेल्या जवाचा थंडगार चहा.

दुपार शाळेची. सुट्टी असली तरी खेळांचे सराव चालूच असतात आणि इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणारी मुलं भाषण तपासून घ्यायला येतात. टीव्हीवर कोशिएनची शालेय बेसबॉल स्पर्धा असते. आपल्या प्रांताचा संघ खेळत असेल, तर त्या वेळी कोणाशी दुसरं काही बोलण्यात अर्थ नाही.

ऑगस्टच्या मध्याला ओबोन येतो, तिकडचा पितृपंधरवडाच म्हणा. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावरून लवकर यावं, गाईवरून सावकाश परत जावं, हा त्यामागचा भाव. संध्याकाळी मैदानात माचा उभारतात, त्यावर ढोल, भोवती रिंगण. नवख्या मास्तरांना बहुधा आधी ‘तांको बुशी’ शिकवतात. फुकुओकाकडच्या कोळसा खाणीतल्या मजुरांचं हे गाणं. त्यात कोळसा खणायचा, खांद्यावर टाकायचा, गाडी ढकलायची. हातवारे कामाचेच असल्याने भाषा न येताही जमतात. देवळाच्या उत्सवात वर्गणीदारांची नावं रकमेसह फळ्यावर झळकतात, हे पाहून मुळशीच्या माणसाला परकं वाटणार नाही.

फरक मनुष्यबळात आहे. घोटावड्याला हिंजवडी जवळ. तरुण कामावर जाऊन रात्री घरी येतो आणि जमिनीचे भाव गुंठ्यावर बोलले जातात. जपानी खेड्यातला तरुण टोकियोला गेला की बहुधा तिथलाच होतो. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे दर सातांतलं जवळजवळ एक. दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात. देवाची पालखी उचलायला खांदे कमी पडतात, तेव्हा पंचविशीतला परदेशी मास्तर गावाला हवाच असतो. योजनेमुळे जपानी मुलांचं इंग्रजी किती सुधारलं यावर वाद घालता येईल. पालखीला एक खांदा मिळाला, यावर नाही.

मराठी माणसाने तिकडे याहून वेगळी वाटही काढली आहे. अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक पुण्यात शिकले, पुढे जपानी नागरिक झाले आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागातून नगरसेवक म्हणून निवडून आले. २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या जुन्या, नावाजलेल्या सरकारी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. त्सुचिउरा हे कासुमिगाउरा तळ्याकाठचं, कमळकाकडीसाठी प्रसिद्ध गाव.

‘जेट’वाल्यांचा मुक्काम मात्र ठरलेल्या मुदतीचा. जुलै-ऑगस्टात जुना मास्तर निघतो, नवा येतो. बऱ्याचदा खोली तीच राहते आणि फ्रीज, सायकल, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा याचा तक्ता हे सगळं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. गवत कापणीच्या यादीत फक्त नाव बदलतं.