खोली एकच, पेशंट दोन

होम आयसोलेशनची सरकारी गोष्ट तुम्हाला पाठ आहे. 2 जुलै 2020 ला केंद्राचं सुधारित पत्रक निघालं आणि लक्षणं नसलेल्यांनाही घरीच राहायची मुभा मिळाली. भोपाळमध्ये त्याच आठवड्यात ‘किल कोरोना’ या तपासणी मोहिमेची पथकं दारोदार फिरू लागली. पेशंटना फोन करणाऱ्या स्वयंसेवकांत मीही होतो. तिथून जे दिसलं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पेशंटला वेगळी खोली हवी, अशी अट होती. (अट लिहिणाऱ्याने जहांगीराबादच्या गल्ल्या पाहिल्या नसाव्यात.) एका गृहस्थांनी व्हिडिओ कॉलवर झकास खोली दाखवली. पलंग, खिडकी, भिंतीवर बँकेचं कॅलेंडर. पास! काही दिवसांनी त्याच गल्लीतला दुसरा पेशंट, तोच पलंग, तेच कॅलेंडर. खोदून विचारलं तर उत्तर आलं, “को खां, कमरा तो मोहल्ले का है. जिसका नंबर आए, वो दिखा देता है.”

ऑक्सिमीटरचे किस्से तर विचारूच नका. मेंदी आणि नेलपॉलिशमुळे आकडा घसरायचा, की इकडे धावपळ. एका मराठी आजोबांचं उलटं होतं. आकडा रोज 98 आणि धाप मात्र फोनवर ऐकू येई. उलटतपासणीत कळलं, यंत्रात बोट नातवाचं असायचं. रागावलो, तर तो शांतपणे म्हणाला, “आजोबा रोजचे दहा रुपये देतात.” आजोबा हॉस्पिटलात गेले, ठणठणीत होऊन आले. उत्पन्न बुडालं ते नातवाचं.

घरची वाट सगळ्यांनीच काही हौसेने धरली नव्हती. 1984 च्या गॅसपीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे उभं राहिलेलं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल मार्च 2020 मध्ये फक्त कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. आधीच फुप्फुसं गमावलेल्या माणसांना घरी पाठवलं. गॅसपीडितांच्या संघटना कोर्टात गेल्या, एप्रिलमध्ये आदेश मागे घ्यावा लागला. तोवर शहरातल्या पहिल्या कोविड मृतांची नावं आली होती. त्यांतले बहुतेक गॅसपीडितच होते.

कोविड ओसरला, वॉर्ड मात्र घरातच मुक्कामाला राहिला. अरेरा कॉलनीत आता वर-खाली होणारा पलंग, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सगळं भाड्याने मिळतं. वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर आधी की फ्रीज, यावर इन्व्हर्टरपाशी सासू-सुनेचं वाजतं, ते वेगळं. अशाच एका घरात पुण्याच्या मुलाने आईच्या पलंगावर कॅमेरा बसवला. अटेंडंट दीदीने कूस वेळेवर बदलली की नाही, हे तो तिथून तपासायचा. पैसे तो अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोला भरायचा, आणि ब्यूरोने दीदीचा पगार थकवला होता. एका सकाळी ती पलंगाशेजारी उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “भैया, मांजी ठीक हैं. मेरी तनख्वाह दिख रही है क्या?” संध्याकाळपर्यंत पैसे जमा.

आणि ज्या घरात दीदी नाही? तिथे नर्स, वॉर्डबॉय, फार्मसिस्ट, स्वयंपाकी अशा सगळ्या जागा एकटी सून भरते. तिचा पगार मात्र कुठलाच ब्यूरो थकवत नाही, कारण तो मुळात ठरलेलाच नसतो.

तेव्हा डॉक्टर हसून “आता घरीच न्या” म्हणाले, की डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी घरच्यांना जमवा आणि रात्रपाळी कोणाची, हे तिथेच ठरवून घ्या. मुलाचंही नाव घाला.