गाण्याआधी किनारा

आषाढ लागला की आपल्याकडे घरोघरी छत्र्या बाहेर निघतात, कौलांवरून पागोळ्या गळू लागतात आणि उघड्यावरील गाण्याबजावण्याला दिवाळीपर्यंत रजा मिळते. महाराष्ट्राचे हे ऋतुमान मनात धरून जो प्रवासी जून-जुलै महिन्यांत पुदुचेरीस, म्हणजे पूर्वीच्या पाँडिचेरीस, जाऊन उतरतो, त्यास पहिल्याच दिवशी नवल वाटल्यावाचून राहत नाही. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे आपले बहुतेक पाणी सह्याद्रीवर रिते करून पलीकडे जातात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरील ह्या नगरात त्या वेळी उन्हाळाच चालू असतो. पाऊस आलाच तर सायंकाळची एखादी सर. तेथील खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांचा.

दुपारी बाराच्या सुमारास तुम्ही तेथील रस्त्यांवरून हिंडू लागलात तर दोन्ही बाजूंची घरे दारे-खिडक्या लावून बसलेली दिसतील. परंतु दुपार कलू लागली की समुद्रावरून वारा सुटतो. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील गार हवा आत येते. शाळेत पाठ केलेला हा धडा येथे अंगावर अनुभवावयास मिळतो. वारा सुटला की घरे उघडतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या मुलापर्यंत सर्व कुटुंब बाहेर पडते आणि सारे नगर एकाच दिशेने, पूर्वेकडे, चालू लागते.

पूर्वेला समुद्राच्या कडेने गुबेर मार्ग आहे. लांबी फार नाही, दीड किलोमीटरच्या आतच. पण सायंकाळी सहा वाजले की तो वाहनांस बंद होतो, तो सकाळी साडेसातपर्यंत. मोटारींचा आवाज थांबला की लाटांचा ऐकू येऊ लागतो. मध्यभागी महात्मा गांधींचा सुमारे चार मीटर उंचीचा पुतळा आहे; समोर १८३६ सालचे जुने दीपगृह आहे. पुतळ्याभोवती ग्रॅनाइटचे आठ कोरीव खांब उभे आहेत. ते जिंजीहून आणलेले आहेत, असे सांगतात. मराठी माणसाची पावले येथे क्षणभर थबकतात. १६७७ साली शिवाजी महाराजांनी जिंकलेली आणि पुढे राजाराम महाराजांना कठीण काळात आसरा देणारी तीच ही जिंजी. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा किल्ला हा एकच.

तिकीट नसलेल्या मैफली

ह्या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास उन्हाळ्याच्या दिवसांत जे सार्वजनिक समारंभ होतात, त्यांची ओळख करून घेण्यासारखी आहे.

पहिला येतो २१ जूनचा संगीतोत्सव. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी प्रत्येकाने घराबाहेर पडून गावे-वाजवावे आणि ऐकणाऱ्याकडून पैसा घेऊ नये, अशी ही कल्पना १९८२ साली फ्रान्समध्ये निघाली. झाक लांग हे तेव्हा तेथील सांस्कृतिक मंत्री होते. पुढे ती अनेक देशांत पसरली आणि फ्रान्सशी जुना संबंध असलेल्या पुदुचेरीत तर सहजच रुजली. ह्या उत्सवात कसलेला वादक आणि काल-परवा गिटार हाती घेतलेला विद्यार्थी ह्यांच्यात भेद केला जात नाही. तुमच्या मुलांना संगीत ही केवळ पडद्यावर पाहावयाची वस्तू नव्हे, शेजारचा दादा किंवा ताईही ते निर्माण करू शकते, हे दाखवावयाचे असेल तर ह्याहून सोपी शाळा नाही.

तीन आठवड्यांनी १४ जुलै येतो. हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. पुदुचेरीत आजही फ्रेंच नागरिकत्व असलेली कित्येक तमिळ कुटुंबे आहेत. त्यांच्या वाडवडिलांपैकी अनेकांनी फ्रेंच सैन्यात चाकरी केली. आदल्या सायंकाळी कागदी कंदील हाती घेऊन मिरवणूक निघते, बँड वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या युद्धस्मारकावर फुले वाहिली जातात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या फ्रेंच भारतातील सैनिकांसाठी हे स्मारक १९३८ साली उभारण्यात आले. त्या ठिकाणी दोन्ही देशांची राष्ट्रगीते एकामागून एक ऐकताना परकी सत्ता गेली तरी माणसांचे संबंध कसे टिकतात, ह्याचा प्रत्यय येतो.

हे संबंध टिकले ह्याचे कारण सत्तांतर शांततेने झाले. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे १७८ लोकप्रतिनिधी जमले आणि त्यांपैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने मत दिले. १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताच्या हाती आला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी विलीनीकरणास कायद्याची पूर्णता लाभली. म्हणून ऑगस्टात ह्या प्रदेशात एकापाठोपाठ दोन दिवस तिरंगा समारंभाने फडकतो : १५ तारखेस साऱ्या देशाबरोबर, १६ तारखेस आपला स्वतःचा म्हणून.

ह्याच सुमारास नगराच्या दक्षिणेस वीरामपट्टिनम ह्या कोळ्यांच्या गावी सेंगळुनीर अम्मनची रथयात्रा भरते. तमिळ पंचांगातील आडी महिन्याचे शुक्रवार देवीचे मानतात. त्यांतील पाचवा शुक्रवार हा रथाचा दिवस. नादस्वरम आणि तविल ह्यांच्या घोषात रथ हलतो, आणि त्याच्या दोराला पहिला हात लावण्यासाठी खुद्द नायब राज्यपाल येतात. फ्रेंच अमदानीत हा मान गव्हर्नर पाळीत असत. राजवट बदलली, पण राज्यकर्त्याने कोळ्यांच्या देवीचा दोर ओढावयाचा हा रिवाज बदलला नाही. त्या एका दिवशी कोळी यजमान असतो आणि सरकार पाहुणे असते.

वाळू कोठे गेली?

आता तुम्ही विचाराल, इतके सारे समुद्रकाठी घडते, तर लोक वाळूत बसून का ऐकत नाहीत? पुष्कळ वर्षे ह्या प्रश्नाचे उत्तर दुःखद होते : बसावयास वाळूच उरली नव्हती.

समोरचा किनारा एके काळी रुंद आणि वाळूचा होता. कोळी त्यावर आपले कट्टुमरम, म्हणजे लाकडे एकत्र बांधून केलेले तराफे, ओढून ठेवीत. जाळी वाळत पडत. मासळीचा लिलाव तेथेच होई. आज मध्यम वयाच्या असलेल्या नगरवासीयांचे बालपण त्या वाळूत गेले. ती वाळू कोणी चोरली नाही. ती माणसाच्याच हातून अडली.

किनाऱ्यावरील वाळू आपल्याला स्थिर भासते, परंतु ती सदैव प्रवासात असते. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि प्रत्येक लाट थोडे कण पुढे सरकविते. ह्या किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक महिने हा प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे चालतो आणि असे काही लाख घनमीटर वाळू दर वर्षी पुढे जाते. १९८६ ते १९८९ ह्या काळात नगराच्या दक्षिणेस, अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी, बंदर बांधताना समुद्रात दगडी बांध घालण्यात आले. कालव्याच्या वरच्या अंगाला एकाने आडवा बांध घातला तर खालच्या शेताचे काय होते, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. येथे तेच झाले. बांधाच्या दक्षिणेस वाळूचे ढीग साचले आणि उत्तरेचा किनारा उपाशी राहिला. साचलेली वाळू यंत्रांनी उपसून पलीकडे टाकावी अशी मूळ योजना होती. पण ते काम नियमाने चालले नाही. थोड्याच वर्षांत नगरासमोरची वाळू नाहीशी झाली आणि लाटा रस्त्याच्या भिंतीस येऊन भिडल्या.

नगराच्या रक्षणासाठी मग काळे कातळ आणून टाकण्यात आले. त्या दगडांची निंदा करणे योग्य नव्हे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत नगराचा मध्यभाग बचावला, त्याचे श्रेय ह्या दगडी तटबंदीलाच दिले जाते. परंतु दगड लाटा थोपवितात, वाळू निर्माण करीत नाहीत. जेथे दगड संपले तेथून धूप पुढे सरकली आणि उत्तरेकडील एकामागून एक कोळीवाडा तिच्या तोंडी आला. नगरवासीयांची फिरावयाची जागा गेली होती. कोळ्याचे अंगण, खळे आणि बाजार हे तिन्ही एकदम गेले. तराफा ओढावयास वाळू नसेल, तर समुद्रात मासळी असून तरी उपयोग काय?

परत आलेला काठ

ह्या हानीकडे प्रथम लक्ष वेधले ते कोळ्यांनी आणि काही जागरूक नागरिकांनी. त्यांनी जुनी छायाचित्रे जमविली, अभ्यास केला, सरकारकडे दाद मागितली. अखेरीस चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक योजना आखली आणि २०१८ साली किनाऱ्याजवळ पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा एक बांध बसविण्यात आला. ह्या पोलादी पाचरीवर आपटून लाटेचा जोर ओसरतो आणि तिच्या आडोशास वाळू बसू लागते. बंदरातून उपसलेली वाळूही किनाऱ्यासाठी वापरण्यात आली. सचिवालयासमोर वाळू पुन्हा दिसू लागली तेव्हा आजोबा नातवंडांना हात धरून ती दाखवावयास आले असतील, तर त्यात आश्चर्य नाही. तीस वर्षांच्या आतली मुले आपल्याच गावची वाळू प्रथम पाहत होती.

तथापि येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. मध्यभागी वाळू परतली, म्हणून उत्तरेच्या कोळीवाड्यांचा प्रश्न सुटला असे नाही. वाळूचा प्रवाह एकच आहे. एका ठिकाणी तो अडविला अथवा वळविला की दुसऱ्या ठिकाणी त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून बंदराशी साचलेली वाळू वर्षानुवर्षे, न कंटाळता, उत्तरेकडे पोहोचविणे हाच खरा उपाय ठरतो. घरातील केर रोज काढावा लागतो, तसेच हे काम आहे. त्याच्या उद्‌घाटनाचा समारंभ होत नाही, पण ते थांबले तर पुढचे कोणतेच समारंभ भरावयाचे नाहीत.

तुम्ही जाल तेव्हा

ह्या उन्हाळी दिवसांत तुम्ही सहकुटुंब पुदुचेरीस गेलात, तर दुपार घरात काढा आणि पाचनंतर समुद्राकडे निघा. पिण्याचे पाणी बरोबर असू द्या. काळ्या दगडांवर मुलांना चढू देऊ नका; ते ओले व शेवाळलेले असतात. परत आलेली वाळू कितीही खुणावीत असली, तरी समुद्राचा तळ येथे लवकर खोल होतो हे ध्यानात ठेवा आणि पाण्यात उतरण्याचा मोह आवरा. गाणे चालू असेल तेथे बसा, आणि ते पुरते ऐकून मग उठा. जाताना आपला कागद व पेला आपल्याबरोबर न्या. तिकीट नसलेल्या मैफलीची एवढीच बिदागी आहे.

आणि जमल्यास एका सकाळी उत्तरेकडच्या कोळीवाड्यापर्यंत चालत जा. कातळांच्या आड, उरलेल्या हातभर जागेत जाळी सांधणाऱ्या माणसांजवळ दोन घटका थांबा. आदल्या सायंकाळी तुम्ही ज्या काठावर गाणे ऐकले, त्याचीच ही दुसरी बाजू आहे, हे मुलांना समजावून सांगा.

मग घरी परतल्यावर आपल्या गावाकडे पाहा. समुद्र नसेल तर नदीचा घाट असेल, तळ्याची पाळ असेल, देवळापुढचे पटांगण असेल. जेथे कोणालाही, पैसा न मोजता, संध्याकाळी येऊन बसता येते अशी ती जागा शाबूत आहे ना? तिच्या वरच्या अंगाला कोणी बांध तर घालीत नाही ना? वेळीच विचारले, तर हे प्रश्न ग्रामसभेत सुटतात. पुदुचेरीस त्यासाठी तीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि तेथील सर्वांची वाट अजून संपलेली नाही.